लंडनला पोरांकडे जाऊन राहिले का? मग सोनचं घर असं पाहा

एप्रिल-मे लागला की निम्मं नागपूर पोरा-पोरींकडे पळतं, त्यात जे लंडनला जाऊन राहिले त्यांच्यासाठी हे. लंडन आय झालं, बकिंगहॅम पॅलेस बाहेरून पाहून झाला, आता काय, असं झालं की सर जॉन सोन या जुन्या आर्किटेक्टचं घर पाहा, आता तिथे म्युझियम आहे. जॉर्जियन घर आहे. जॉर्जियन म्हणजे जॉर्जिया देशाचं नाही बरं का (आमच्या घरी हाच घोळ झाला होता), इंग्लंडात १७१४ ते १८३० लागोपाठ चार जॉर्ज राजे झाले, त्या काळातलं. आणि तिकीट नाही, एकदम फुकट.

पहिले वार पाहा. सोमवार-मंगळवार बंद असतं. मी नेमका सोमवारी गेलो, तेही जावयाला सुट्टी घ्यायला लावून, आणि बंद दारासमोर आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे. बुधवार ते रविवार दहा ते पाच उघडं असतं, तरी निघायच्या आधी वेबसाइट पाहून घ्या. स्टेशनच्या पाटीवर हॉलबर्न असं वाचाल पण बोलतात होबर्न, पिकॅडिली लाइनवर आहे, तिथून पाच-सात मिनिटं पायी लिंकन्स इन फील्ड्स नावाचा चौक, १३ नंबरचं घर. घर लहान, त्यामुळे आतले बाहेर निघाले की मग पुढचे आत, बाहेर थोडं ताटकळावं लागतं, स्वेटर घालूनच जा. मोठी सॅक अजिबात नेऊ नका, आतले पॅसेज इतके चिंचोळे की तुम्ही नुसते वळले तरी एखादा रोमन पुतळा नाक गमावून बसेल. गुडघ्याचा त्रास असला तर आधी मेल करून विचारा, खाली-वर करावंच लागतं.

आत गेल्यावर एक लक्षात ठेवा, वस्तूंवर चिठ्ठ्या नाहीत. कारण ते घर आहे, शोकेस नाही. खोलीत जो स्टाफ उभा असतो त्याला बिनधास्त विचारा, इंग्रजी तुटकं असलं तरी चालतं, ते लोक सांगायलाच बसलेले असतात.

सोन हा गवंड्याचा पोरगा, पुढे बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट झाला. हे १३ नंबरचं घर त्यानं १८१२ मध्ये नव्यानं बांधलं, म्हणजे इकडे दुसरे रघूजी भोसले गादीवर होते तेव्हा. ब्रेकफास्ट रूममध्ये घाई करू नका. छोटीशी खोली, वर घुमट, आणि जिथे तिथे फुगीर गोल आरसे, मान वर केली की आपलेच इवले इवले चेहरे आपल्याकडे पाहून राहिले असतात. काही ठिकाणी वरच्या काचा पिवळ्या आहेत, बाहेर लंडनचं भुरकं आभाळ असलं तरी आत ऊन पडल्यासारखं वाटतं. नागपूरच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, पण तिथे आठ दिवस काढल्यावर समजतं.

तळघरात सेती या इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी आहे, आतून-बाहेरून बारीक चित्रलिपी कोरलेली. बेल्झोनी नावाच्या माणसाला ती १८१७ च्या ऑक्टोबरात सापडली, पुढच्याच महिन्यात आपल्याकडे सीताबर्डीची लढाई झाली. ब्रिटिश म्युझियमला २००० पाउंड जास्त वाटले, सोननं १८२४ मध्ये घेऊन टाकली आणि मग तीन रात्री दिवे लावून पार्ट्या दिल्या.

पिक्चर रूममध्ये भिंती कपाटाच्या दारासारख्या उघडतात, एकामागे एक चित्रं. त्या कधी उघडणार ते आल्या आल्याच विचारून ठेवा नाही तं अर्धं सुटतं. तिथली हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराची आठ चित्रं क्रमानं पाहा, बापाची इस्टेट उडवून शेवटी पागलखान्यात गेलेल्या पोराची गोष्ट आहे.

सोनच्या घरी पण हेच चालू होतं म्हणा. त्याच्या पोरानं, जॉर्जनं, १८१५ मध्ये बिननावानं पेपरात बापाच्या कामाला शिव्या घातल्या, थोड्याच दिवसांत आई गेली, आणि बापानं ते लेख फ्रेम करून ठेवले, खाली लिहिलं ‘मरणाचे घाव’. मग १८३३ मध्ये थेट पार्लमेंटचा कायदा करून घेतला की आपल्यामागे घर देशाला जाईल आणि जसं आहे तसंच राहील. १८३७ मध्ये तो गेला. आपल्या नागपूरच्या महाल भागात भावकीची भांडणं झाली की वाडा बिल्डरला जातो, इथे भांडणामुळेच घर वाचलं. निघताना मागच्या अंगणाकडे डोकावा, बायकोच्या फॅनी नावाच्या कुत्रीची समाधी दिसेल, वर ‘अरेरे, बिचारी फॅनी’ असं कोरलंय. पोराला घर नाही, कुत्रीला मात्र समाधी.

दीड-दोन तास धरा. बाहेर समोरच बाग आहे, बाकावर बसून डब्यातल्या पोळ्या खा, आणि पायात जोर उरला असला तर तिथून ब्रिटिश म्युझियम चालत जाण्यासारखं आहे, तेच, ज्यांना २००० पाउंड महाग वाटले होते.