स्लीपमधून न उठणारा डेस्कटॉप

नौपाड्यातल्या आमच्या घरचा डेस्कटॉप स्लीपमधून उठेनासा झाला. पंखा फिरायचा, मॉनिटर मात्र काळाच. बटण दाबून धरून बंद करावा लागे आणि बाबांचा सोसायटीचा अर्धवट हिशोब जाई. तेच फार लागायचं. केबल बदलली, रॅम पुसून बसवली. काही नाही.

मग कीबोर्डवरची नमलॉक कळ दाबून पाहिली. तिचा दिवा पेटत-विझत होता! म्हणजे मशीन जागं होतं, फक्त चित्र येत नव्हतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारं सॉफ्टवेअर, पुन्हा सुरू होतो. तसं केलं, बीप वाजला, पडदा उजळला. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला. दिवा बदललाच नसता, तर बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याकडे वळलो असतो. तीन आठवडे झाले, हिशोब शाबूत आहे.