काच किती एमएमची? आधी ती धरणार कोण ते सांगा

डोंबिवलीतलं हे काच-अ‍ॅल्युमिनियमचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. मी गल्ल्यावर बसायला म्हणून आले आणि मोजमापाला जायला लागले, त्याला आता १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न काही बदलला नाही: "वहिनी, किती एमएमची घालू?"

गेल्या श्रावणात एक काका आले. हातात वहीचं पान, त्यावर घराचा नकाशा आणि तीन ठिकाणी लाल पेनाने लिहिलेलं: १२ एमएम. हॉल आणि अभ्यासाच्या खोलीमधली भिंत काढून तिथे काच, स्वयंपाकघराला सरकता दरवाजा, बाथरूममध्ये शॉवरपुरतं पार्टिशन. "जाड तेवढी भक्कम. एकदाच काय तो खर्च करायचा," काका म्हणाले. मी म्हटलं, आधी चहा घ्या, मग आपण ते बारा खोडू.

(भिंत काढण्याबद्दल एवढंच: ती नुसती आडोशाची आहे की भार घेणारी, हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावायचा नाही. सोसायटीची लेखी परवानगी वेगळी. काकांनी दोन्ही केलं होतं, म्हणून पुढचं बोलणं झालं.)

जाडी ठरवायच्या आधी मी विचारते की काच किती बाजूंनी धरलेली असेल. चारही बाजूंनी चौकटीत बसलेली ५ एमएमची काच जे सहज निभावते, ते फक्त वर-खाली चॅनेलमध्ये, म्हणजे खाचेच्या धातूच्या पट्टीत, उभ्या केलेल्या ८ एमएमला जमत नाही. लोकांना हे पटत नाही, कारण त्यांना वाटतं काच टफन केली की झालं. टफन म्हणजे काय, तर काच भट्टीत सहाशे डिग्रीच्या वर तापवून तिच्यावर एकदम थंड हवेचा मारा करतात. त्याने वरचा थर आवळला जातो आणि काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मार सोसते. फुटलीच तर सुऱ्यासारखे तुकडे न होता ज्वारीच्या दाण्यांसारखा चुरा होतो. पण लवण्याच्या बाबतीत टफन आणि साधी काच यांत काडीचा फरक नाही. लवणं ठरतं फक्त जाडीवर आणि आधारांमधल्या अंतरावर.

आणि जाडी थोडी वाढली तरी लवणं खूप कमी होतं. नऊ फूट उंच, मीटरभर रुंद काच फक्त वर-खाली धरलेली आहे आणि मध्यावर कोणीतरी ३५ किलोचा रेटा दिला, म्हणजे पोरगं धावत येऊन टेकलं, असं समजा. ८ एमएम जवळपास दोन इंच लवेल, १० एमएम एक इंच, आणि १२ एमएम अर्ध्या इंचाहून जरा जास्त. टफन असेल तर दोन इंच लवूनही कदाचित फुटणार नाही. पण रोज अशी भिंत हलताना बघून घरातल्या माणसांची छाती धडधडते, आणि चॅनेलमधलं सिलिकॉन सुटायला लागतं ते वेगळंच. म्हणून अशी फक्त वर-खाली धरलेली, बिनचौकटीची काच सात फुटांपर्यंत १० एमएम आणि त्यावर १२, हा आमचा दुकानातला रिवाज. मधे अ‍ॅल्युमिनियमची आडवी पट्टी आली की हिशोब पार बदलतो.

आता वजन. हे गणित वहीवर लिहून ठेवा, कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल: एक चौरस मीटर काच, दर एमएमला अडीच किलो. तीन बाय सात फुटांचा दरवाजा साधारण दोन चौरस मीटरचा. तो ८ एमएममध्ये ३९ किलो, १० मध्ये ४९ आणि १२ मध्ये ५८ किलोच्या पुढे जातो. यात हँडल आणि पॅच, म्हणजे काचेच्या कोपऱ्याला आवळून दार धरणारं धातूचं फिटिंग, धरलेलं नाही. म्हणजे बारा एमएमचा हट्ट धरला की बिजागऱ्या वजनदार लागतात, फ्लोअर स्प्रिंग (जमिनीत बसून दार फिरवणारी आणि आपोआप बंद करणारी) मोठी लागते आणि हे सगळं ज्या भिंतीत बसणार ती भिंतही तशी लागते. चार इंची विटांच्या भिंतीत स्क्रू नीट धरतो. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा फास्टनर महिन्याभरात खेळायला लागतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) नाहीतर आत लोखंडी पाइप घेऊनच काम करावं लागतं.

फ्लोअर स्प्रिंगबद्दल आणखी एक. तिचा डबा जमिनीत साधारण दोन इंच खोल जातो. फ्लॅटमध्ये लादी आणि खालचा भराव मिळून कधी कधी तेवढीच जागा असते. गवंड्याने उत्साहात स्लॅबला छिन्नी लावली तर सळई उघडी पडते. बाथरूममध्ये तर फ्लोअर स्प्रिंगचं नावच काढू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात.

मी स्वतः खाल्लेला मारही सांगते, कारण जाडी बरोबर आणि माप चूक, असं काम सगळ्यात महाग पडतं. दुकानात येऊन मला तीनेक वर्षं झाली होती. एका फ्लॅटमध्ये १२ एमएमचा दरवाजा आणि बाजूला फिक्स काच. मी रुंदी खाली मोजली, वर मोजली, दोन्ही सारख्या. उंची एका बाजूला मोजली आणि शहाणपणाने निघून आले. काच आली, उभी केली, तर दाराची काच उंचीत बसेना. लादी आठ फुटांत चार सूत चढलेली, म्हणजे अर्धा इंच. टफन काच भट्टीतून आल्यावर एक सूतही कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कटर लावला की संपूर्ण काच खाली. ती काच परत आणली, नवीन केली, पैसे घरातून गेले. जुनीचं दुकानात टेबल झालंय. हँडलची दोन भोकं अजून त्यात आहेत, एकात पेनं उभी करते.

तेव्हापासून रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण, भिंतीला ओळंबा आणि जमिनीला लेव्हल. तेही लादी बसून, प्लॅस्टर-पुट्टी होऊन सगळं वाळल्यावर. "लादी उद्या बसतेय, माप आज घेऊन जा" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं. भोकं कुठे हवीत हेही ऑर्डर देतानाच ठरतं, म्हणून हँडल आणि लॉक आधी विकत घ्या. भोक कडेपासून निदान काचेच्या जाडीच्या दुप्पट आत हवं. देवघराच्या दारावर ॐ किंवा वेलबुट्टी कोरायची असेल तर तीही टफन करायच्या आधी. नंतर सँडब्लास्ट केलं, म्हणजे वाळूचा मारा करून कोरलं, तर आवळलेला थर खरवडला जातो आणि काच कमकुवत होते. देवघराच्या दाराला चौकटीत ५ एमएम पुष्कळ झाली. सुतार तिथे ४ एमएमची साधी काच मारून मोकळा होतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

काकांकडे परत येते. त्यांच्या हॉलच्या काचेमागे मुलगा घरून काम करणार होता आणि त्याचे कॉल रात्री अकरापर्यंत. "बारा एमएमने आवाज अडेल ना?" मी त्यांना दुकानाच्याच पॅच फिटिंगच्या दारापाशी नेलं. काच बारा एमएम, पण दाराच्या खाली बोटभर फट आणि दोन्ही कडांना तीन-चार एमएमची. बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी सुट्या पैशांवरून वाद घालत होता, त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. आवाज फटीतून येतो. दाराला फट ठेवून काच जाड करणं म्हणजे माठाला भोक ठेवून झाकण घट्ट लावणं.

तिथे आम्ही बिनचौकटीचा विचारच सोडला. अ‍ॅल्युमिनियमच्या काळ्या सेक्शनची चौकट, दाराला चारही बाजूंनी रबर आणि आत लॅमिनेटेड काच: चारच्या दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म, मिळून पावणेनऊ एमएम. लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात, आणि मधली मऊ फिल्म आवाजाची धार मारते. चौकट चारही बाजूंनी धरते, मधे एक आडवी पट्टी आहे, त्यामुळे लवायचा प्रश्न नाही. बारा एमएमपेक्षा हलकी आणि खोली शांत. मात्र नेहमीच्या पॅच फिटिंगमध्ये लॅमिनेटेड काच आवळू नका. फिल्म दाबाखाली हळूहळू सरकते आणि पकड ढिली पडते. तिच्यासाठी फिटिंग वेगळं येतं.

स्वयंपाकघराचा सरकता दरवाजा वरच्या ट्रॅकवर लटकणारा. तिथे प्रत्येक जास्तीचा किलो रोलरवर येतो. तीन बाय सातच्या पल्ल्याला ६ एमएम टफन म्हणजे २९ किलो काच, वर चौकटीचं वजन. काकांना फ्लुटेड, म्हणजे उभ्या खाचांची, काच आवडली, पण काकूंनी विचारलं, "फोडणीचा तेलकटपणा त्या खाचांतून कोण काढणार?" योग्य प्रश्न. खाचांची बाजू हॉलकडे आणि सपाट बाजू ओट्याकडे ठेवली.

बाथरूममध्ये ८ की १०, यावर दुकानदार तासभर वाद घालतील. माझं मत असं: दार भिंतीवर टांगायचं आणि भिंत पक्की, तर ८ एमएम बस. सव्वादोन बाय साडेसहाचं दार ८ मध्ये २७ किलो भरतं, दोन चांगल्या बिजागऱ्या ते आरामात पेलतात. दार जर दुसऱ्या फिक्स काचेवर टांगायचं असेल तर ती फिक्स काच १० ची हवी आणि वरून भिंतीला स्टीलचा दांडा. काकांकडे भिंतीवर टांगता आलं, म्हणून आठ.

तिथेच त्यांनी खिशातली शंका काढली: कोणाच्या तरी घरी शॉवरची काच रात्री दोनला आपोआप फुटली होती म्हणे, खरं का? खरं आहे. आमच्याही एका गिऱ्हाइकाकडे झालं, सगळे झोपलेले आणि बाथरूममध्ये बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. काच बनताना निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण आत राहतो, टफन झाल्यावर तो कण महिन्यांनी, कधी वर्षांनी फुगतो आणि आतला ताण मोकळा होतो. जाडी वाढवून हे टळत नाही. हीट सोक करून घेतली, म्हणजे टफन झालेली काच भट्टीत पुन्हा तापवून ठेवली, तर अशा बहुतेक काचा कारखान्यातच फुटून जातात. मोठ्या काचांना आणि डोक्यावरच्या काचेला मी ते करायलाच लावते. पण आपोआप फुटलेल्या काचा मी मोजक्याच पाहिल्यात. जास्त काचा फुटतात त्या कोपऱ्याला स्टीलची बादली लागून, नाहीतर बिजागरीत काच आणि धातूच्या मधलं रबर फिटरने खाल्ल्यामुळे. टफन काच मधोमध हातोडीचा फटका झेलेल, कोपऱ्याला मारलेली टिचकी झेलणार नाही. म्हणून कडा मशीन पॉलिश आणि कोपऱ्यांची धार किंचित घासून मोडलेली आहे का, हे काच बसायच्या आधी बोट फिरवून बघा.

काच दारात आली की व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. १२ च्या जागी ११.८ भरली तर भांडू नका, ०.३ एमएमपर्यंतचा फरक चालतो. ११ भरली तर उतरवून घेऊ नका. कोपऱ्यात टफनचा शिक्का हवा, आयएस २५५३ या सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा उल्लेख असेल तर उत्तम. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या उन्हात बघा. टफन काचेवर बिबट्यासारखे ठिपके किंवा पट्टे दिसतात. आणि आत तारेची जाळी असलेली जुनी काच कोणी 'सेफ्टी' म्हणून विकायला लागला तर नमस्कार करा. तार तुकडे धरून ठेवते, पण काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षाही कच्ची असते.

पांढऱ्या भिंतीला लागून जाड काच घेणार असाल तर कड हिरवी दिसते, जितकी जाड तितकी जास्त. खटकत असेल तर एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे कमी हिरवट काच, पैसे जास्त.

काच आणायच्या आदल्या दिवशी लिफ्ट आणि जिना दोन्ही मोजून या. काकांची बाथरूमची काच तिरकी करून लिफ्टमध्ये गेली. हॉलच्या काचा चार माणसांनी जिन्याने चौथ्या मजल्यावर नेल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकांची तुळशीची कुंडी आडवी आली, ती हलवायला त्यांना दुपारच्या झोपेतून उठवावं लागलं.

संध्याकाळी काम संपलं. सिलिकॉनला २४ तास पाणी लावू नका सांगून आम्ही निघालो, तेवढ्यात नातू शाळेतून आला आणि धावत सरळ काचेकडे सुटला. काकूंनी त्याची कॉलर पकडली. काकांनी रद्दीतला पेपर फाडून तिथल्या तिथे काचेवर चिकटवला. पुढच्या रविवारी मी फ्रॉस्टेड फिल्मच्या दोन पट्ट्या घेऊन गेले, एक मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर आणि एक नातवाला भिंतीशी उभं करून, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत.