पौल आणि याकोब शेजारी ठेवून वाचताना: विश्वासाच्या नव्या अभ्यासकांसाठी

बायबलच्या नव्या करारातील विश्वासाचा अभ्यास हाती घेणाऱ्याला ज्या दोन वचनांपाशी हमखास ठेच लागते, तिथे मी बराच काळ अडकून होतो आणि आजही तिथे पाऊल जपूनच टाकतो. रोमकरांस पत्र 3:28 मध्ये प्रेषित पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्रात, 2:24 मध्ये, म्हणतो की केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो. दोन्ही वचने शब्दसूचीतून, म्हणजे कोणता शब्द बायबलमध्ये कुठे येतो ते सांगणाऱ्या यादीतून, उचलून समोरासमोर ठेवली, की एकाला खोटे पाडल्यावाचून गत्यंतर नाही असे वाटू लागते. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. मग नवशिका गोंधळला तर नवल नाही.

शब्दसूचीवर विसंबून हा विषय कधीही कळणार नाही, हे स्पष्टच सांगतो. दोघांचाही आधार एकच आहे, उत्पत्ती 15:6: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणला गेला. आता उत्पत्ती उघडून प्रसंगांचा क्रम पाहावा. 15 व्या अध्यायात अब्राहामाच्या हाती संततीचे नुसते अभिवचन आहे, मूल नाही. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 वर्षांचा होता, सुंता झाली तेव्हा 99 वर्षांचा, आणि दुसरा मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवण्याचा प्रसंग थेट 22 व्या अध्यायात येतो. पौलाचा युक्तिवाद अभिवचन आणि सुंता यांच्यामधल्या त्या वर्षांवर उभा आहे: सुंतेआधीच तो नीतिमान गणला गेला असेल, तर बेसुंती परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, दाराबाहेर ठेवायचे कशाच्या बळावर? याकोब मात्र 22 व्या अध्यायात उभा राहून मागे पाहतो आणि ते जुने वचन तिथे पूर्ण झाले असे म्हणतो. त्याच्यासमोर परराष्ट्रीयांचा प्रश्न नाही. उघड्यावाघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा माणूस आहे. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे तो अशालाच सुनावतो.

म्हणून याकोबाची पाच प्रकरणे एका बैठकीत वाचावीत आणि मगच रोमकरांस पत्राचे चौथे प्रकरण घ्यावे. गुरू निवडताना, तयार उत्तर हातावर ठेवणाऱ्यापेक्षा ‘आधी पत्र पुरते वाचून या’ असे सांगणारा गाठावा. पहिल्या प्रकारचे गुरू मला फार लवकर भेटले, दुसऱ्या प्रकारचा फार उशिरा. एवढे करूनही सगळ्या शंका फिटतील असे नाही. लूथरच्या काळापासून चालत आलेल्या याच वादावर लूथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्या 31 ऑक्टोबर 1999 रोजी, तेव्हा काही महिन्यांत उलगडा झाला नाही म्हणून खचू नये. अभ्यासाच्या भरात स्वतःचाच विश्वास डळमळला, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलासाठी येशूला विनवणारा बाप आठवावा. आपला विश्वास आणि आपला अविश्वास तो एकाच दमात कबूल करतो, आणि येशू त्याच्या मुलाला त्याच घडीला बरे करतो.