स्वस्त इलेक्ट्रोलाइट तयार करताना या चुका टाळा

लिथियम बॅटरीसाठी स्वस्त आणि पर्यावरणाला कमी घातक इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमचा क्षार विरघळवलेला द्रव, शोधताना पहिली चूक हिशेबात होते. क्षाराचा किलोमागचा भाव पाहिला जातो, पण त्या द्रवाच्या आधारे बॅटरीने आयुष्यभरात किती वीज परत दिली, हे मोजायचे राहून जाते. कूलंबिक कार्यक्षमता, म्हणजे चार्ज करताना घातलेल्या विद्युतभारापैकी परत मिळणारा वाटा, दर चक्राला 99.9 टक्के असेल आणि सेलमध्ये जादा लिथियम नसेल, तर 1000 चक्रांनंतर जेमतेम 37 टक्के क्षमता उरते, तीच 99.99 टक्के असेल, तर सुमारे 90 टक्के उरते. प्रयोगशाळेतील कॉइन सेलमध्ये, म्हणजे नाण्याएवढ्या चाचणी-सेलमध्ये, हा फरक लपून राहतो, कारण 250 मायक्रोमीटर जाडीच्या लिथियम पत्र्यात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 50 मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो आणि होणारी घट तोच भरून काढत राहतो. म्हणून नव्या द्रवाची परीक्षा मोजक्या लिथियमवर आणि मोजक्याच द्रवात घ्यावी.

दुसरी चूक पाण्याची, आणि माझ्या मते सर्वाधिक मेहनत तिच्यापायीच वाया जाते. नेहमीचा क्षार, म्हणजे लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, पाण्याच्या अल्पशा अंशाशीही अभिक्रिया करून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतो. हे आम्ल काचेतील सिलिकाला खाते, त्या अभिक्रियेतून पुन्हा पाणी सुटते, आणि ते पाणी उरलेल्या क्षारावर चालून जाते. बाटलीची आतली बाजू धुरकट दिसू लागली, किंवा पाण्यासारखा नितळ द्रव पिवळसर आणि पुढे तपकिरी झाला, तर बिघाड बराच पुढे गेला आहे असे समजून तो द्रव वापरूच नये. द्रवातील पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर टायट्रेशनचा आकडा येथे फसवू शकतो: पाणी 20 पीपीएमच्या (दहा लाखांत 20 भागांच्या) खाली दिसते, कारण बाकीच्या पाण्याचे आम्ल होऊन गेलेले असते. त्यामुळे पाण्याबरोबर आम्लही मोजावे, द्रव काचेऐवजी योग्य प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावा, आणि इलेक्ट्रोड व सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला सच्छिद्र पडदा) निर्वातात वाळवूनच सेल बांधावा; पॉलिइथिलीनचा सेपरेटर मात्र इलेक्ट्रोडपेक्षा कमी तापमानावर वाळवावा लागतो.

क्षार बदलला की अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न उभा राहतो. इमाइड वर्गातील क्षार पाण्याला फारशी दाद देत नाहीत, पण साधारण 4 व्होल्टच्या आसपास धनाग्रामागील (धन इलेक्ट्रोडमागील) अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कुरतडतात. सेल तासन्‌तास चार्ज होत राहतो, व्होल्टेज मात्र वरच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, आणि सेल उघडल्यावर पत्र्यावर बारीक खड्डे दिसतात. अशा वेळी थोडे हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट मिसळावे, किंवा 3.65 व्होल्टपर्यंतच चार्ज होणारे लिथियम आयर्न फॉस्फेटचे धनाग्र निवडावे.

आणखी एक चूक टिकाऊपणाच्या नावाखाली होते. क्षाराचे प्रमाण जास्त असलेला दाट द्रव पातळ करण्यासाठी फ्लोरिनयुक्त ईथर घातले जातात, आणि त्यांपैकी बहुतेक पीएफएएस या निसर्गात विघटन न होणाऱ्या वर्गात मोडतात. लिथियम बिस-ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिलइमाइड हा इमाइड क्षारही पीएफएएसमध्येच मोडतो. लिथियम बिस-फ्लुओरोसल्फोनिलइमाइड या दुसऱ्या इमाइड क्षारात कार्बन-फ्लोरिन बंध नसल्यामुळे तो या कसोटीवर उजवा ठरतो, मात्र अ‍ॅल्युमिनियमची वरील खबरदारी त्यालाही लागू आहे.