सुरक्षा समिती कागदावरून शॉपफ्लोअरवर कशी आणायची

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी मेंटेनन्स फिटर आहे आणि सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी. महापे, पावणे, तुर्भे, कुठलाही ओळखीचा भेटला की विचारतो, "आमच्याकडेही समिती आहे म्हणे, पण ती करते काय?" हे त्यांच्यासाठी.

आधी यादी मागा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात कलम 41-जी आलं: धोकादायक प्रक्रिया चालते तिथे सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगार नि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारखे हवेत. 2020 च्या कामगार सुरक्षा-आरोग्याच्या संहितेतही (नव्या कायद्यातही) कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, असंच आहे. तेव्हा नावं नोटीस बोर्डावर लावायला सांगा आणि नीट वाचा. कामगारांच्या बाजूला सगळे सुपरवायझरच दिसले तर युनियनमार्फत, युनियन नसेल तर सह्यांचा अर्ज देऊन नावं बदलून घ्या. रात्रपाळीचा एक तरी माणूस हवाच. रात्री सेफ्टी ऑफिसर घरी असतो, स्टोअरला कुलूप असतं आणि फाटक्या हातमोज्यांवर काम रेटलं जातं. हे सकाळच्या पाळीला कळतच नाही. पॅकिंगला बायका असतील तर त्यांच्यातलीही एक घ्या. गाळा लहान असला, कायद्याने समिती लागत नसली, तरी मालकाशी बोलून चार जणांची समिती करता येते.

पहिल्या बैठकीत दोन-तीनच विषय घ्या. त्यातला एक असा हवा, जो आठवड्याभरात निकाली निघेल आणि सगळ्यांना दिसेल. आमच्याकडे तो अर्थिंगच्या क्लिपचा होता. टोल्युइन, म्हणजे रंगात घालायचं पेट घेणारं द्रावण, ड्रममधून टाकीत ओतताना स्थिर वीज साठते. ड्रम आणि टाकी तारेने जोडून अर्थ केली नाही तर एका ठिणगीने आग लागू शकते. आमची क्लिप होती, रोज लावलीही जायची. पण तिचे दात वाळलेल्या रंगाने बुजले होते आणि ती बसायची ड्रमच्या रंगवलेल्या काठावर, म्हणजे उघड्या धातूला टेकतच नव्हती. ड्रम ओतणाऱ्या मुलाने बैठकीत ती क्लिप टेबलावर ठेवली आणि नखाने रंगाचा पोपडा काढून दाखवला. प्लांट मॅनेजरनी लगेच टोकदार दातांच्या नव्या क्लिपा मागवल्या. त्यानंतर लोक आपणहून येऊन सांगायला लागले, कारण सांगितलं की होतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

म्हणून इतिवृत्त फाइलमध्ये ठेवू नका, पंचिंग मशीनशेजारी लावा, मराठीत आणि हिंदीत. काय सांगितलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, झालं का, एवढंच. जे होणार नसेल त्याचं कारणही लिहायला लावा. पुढची बैठक याच कागदापासून सुरू करा.

थोडक्यात टळलेले अपघात नोंदवायचे असतील तर सांगणाऱ्याला मेमो मिळणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. 'इतके दिवस शून्य अपघात' या फलकाला बक्षीस जोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. बक्षीस जाऊ नये म्हणून माणूस कापलेलं बोट रुमालात गुंडाळून घरी जातो.

आता प्रशिक्षण. हॉलमध्ये स्लाइड दाखवून सह्या घेतल्या की ऑडिट पार पडतं, हात शिकत नाहीत. शिकवायचं ते मशीनपाशी. मिक्सर साफ करायचा असेल तर मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, टॅगवर स्वतःचं नाव, आणि मग स्टार्टचं बटण दाबून मिक्सर खरंच फिरत नाही ना याची खात्री. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. एकदा करून दाखवा, मग प्रत्येकाकडून करून घ्या. चुकला तर लगेच तोंड घालू नका, कुठे चुकलं ते त्याला शोधू द्या.

टाकीत उतरण्याचं प्रशिक्षण वर, टाकीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसालाही तितकंच द्या. आतला बेशुद्ध पडला की वरचा जिवाच्या आकांताने मागोमाग उतरतो आणि दोघंही जातात. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कोणीही उतरायचं नाही. वरच्याने टाकीच्या तोंडापासून हलायचं नाही. अलार्म द्यायचा आणि आतल्याच्या अंगावरच्या हार्नेसच्या (पट्ट्यांच्या) दोराने त्याला वर ओढायचं. हा सराव प्रत्यक्ष करून घ्या, तोंडी सूचना त्या क्षणी आठवत नाही.

ठेकेदाराच्या कामगाराला गेटपास देण्याआधीच हे शिकवा. धोक्याची कामं बहुधा त्याच्याच वाट्याला येतात आणि शिकवणी सगळ्यात कमी. त्याला मराठी येत नसेल तर त्याच्याच गावाकडच्या एखाद्या जुन्या कामगाराला शिकवायला उभं करा.

मालक कुरकुरला तर त्याला डोंबिवली एमआयडीसीतले 26 मे 2016 आणि 23 मे 2024 चे स्फोट आठवून द्या. काचा आजूबाजूच्या घरांच्याही फुटल्या होत्या. प्रशिक्षक हवा असेल तर राष्ट्रीय सुरक्षा परिषद इथेच सीबीडी बेलापूरला आहे. तिचा स्थापना दिवस 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात घोषवाक्य स्पर्धा ठेवलीत तरी एक मॉक ड्रिल रात्रपाळीत, आगाऊ न कळवता घ्या. बाहेर पडायला किती वेळ लागला आणि कुठलं दार बंद सापडलं, ते पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून लिहून ठेवा.