मूसच्या शिकारीत वारा कसा ओळखावा आणि वापरावा

अमेरिकेतील अलास्का किंवा कॅनडातील युकॉन, न्यूफाउंडलंडच्या जंगलात रीतसर परवाना घेऊन मूसच्या शिकारीला निघणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. हरणांच्या कुळातील या सर्वांत मोठ्या जनावराची नजर फारशी तेज नसली, तरी नाक आणि कान विलक्षण तीक्ष्ण असतात. फांदी मोडल्याचा आवाज आला तर तो दुसऱ्या मूसचा असावा, असे समजून नर थांबेलही. पण माणसाचा वास लागला की तो क्षणात दिसेनासा होतो.

वाऱ्याची दिशा हवामानाच्या अंदाजावरून ठरवू नये, कारण झाडीत आणि दरीत वारा आपल्या मनाने वळतो. छोट्या बाटलीतील टाल्कम पावडर थोडी थोडी उडवून पाहणे ही सोपी युक्ती आहे, परंतु ती चार पावलांपुरतेच सांगते. रुईच्या बोंडातून उडणाऱ्या म्हाताऱ्या आपण लहानपणी पकडलेल्या असतात. त्याच कुळातील तिकडच्या एका झाडाचे तसेच तंतू शिकारी सोडतात आणि ते दूरवर नेमके कुठे वळतात, हे पाहत राहतात. डोंगरउतारावर पहाटे थंड हवा खाली उतरते, ऊन तापले की वर चढते आणि संध्याकाळी पुन्हा उतरू लागते. म्हणून, वारा पडलेला असेल तर सकाळी खालून आणि ऊन चढल्यावर वरून जनावराकडे जावे.

खरी परीक्षा सप्टेंबरच्या उत्तरार्धात, नर माजावर आलेले असताना होते. भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून मादीची साद घातली की नर सरळ चालत येईल, ही नवशिक्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा वळसा घालून, साद घालणाऱ्याचा वास जिकडे वाहत जातो त्या बाजूने, म्हणजे वाऱ्याखालून, खात्री करून घेत येतो. त्यामुळे बंदूकधाऱ्याने साद घालणाऱ्याच्या वाऱ्याखाली ५० ते १०० मीटरवर, थोडे आडबाजूला बसावे आणि दोघांनी एकमेकांची जागा आधी पक्की ठरवून घ्यावी. बंदूकधाऱ्याचा वासही पुढे जातच असतो. म्हणून त्याच्या पलीकडे तळे किंवा उघडी दलदल असेल अशी जागा निवडावी, कारण झाडीचा आडोसा सोडून तिकडून येण्यास नर सहसा कचरतो.

माग काढताना मात्र ठशांवरून सरळ चालत जाणे ही मोठी चूक ठरते. विसावण्यापूर्वी मूस वळून, आपल्याच मागाच्या वाऱ्याखाली येऊन बसतो, त्यामुळे पाठलाग करणाऱ्याचा वास त्याला आपोआप मिळतो. अलास्का आणि युकॉनमधील ग्विचिन या मूळनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी यावर काढलेला तोड मला सर्वांत हुशारीचा वाटतो. ते माग सोडून वाऱ्याखालच्या बाजूने अर्धवर्तुळाकार फेरी मारतात, पुन्हा मागाला येऊन मिळतात आणि ठसे पुढे जात असल्याचे पाहून पुढची फेरी घेतात. एखाद्या फेरीच्या शेवटी ठसे सापडले नाहीत, तर जनावर मागेच, शेवटच्या टप्प्यात कुठेतरी बसले आहे, हे त्यांना कळते. मग ते वाऱ्याखालूनच, लहान लहान फेऱ्या घेत उलटे मागे येतात आणि प्रत्येक झुडूप नजरेखालून घालतात.