शिह त्झू कुत्र्याला केस कापायचं मशीन मारलं की मालक भांडतात, मला लागू पडलेला उपाय

माझ्याकडे केस कापायला शिह त्झू, ल्हासा अशी कुत्री येतात, वरून केस मऊ पण कातडीलगत नमदा (गुंतून घट्ट बसलेला केसांचा थर) झालेला, आणि घरचे म्हणतात अहो आम्ही रोज ब्रश करतो, करतातही, पण तो वरवर फिरतो. मग बारीक कापलं की न्यायला आल्यावर राडा. अक्षरशः वैताग आलेला. बोर्ड लावून बघितला, फोनवर सांगून बघितलं, शून्य फरक.

आता कुत्रा आत घ्यायच्या आधी मालकासमोरच स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत घालतो, पहिले कानामागे, मग काखेत, मग पट्ट्याखाली, शेवटी मांडीच्या आत. अडकला की ओढायचा नाही, त्यांचंच बोट त्या गाठीवर ठेवायचं (अर्धा वाद इथेच संपतो). मग फोटो काढतो, १० नंबर ब्लेडने जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतील हे आणि पैसे किती ते व्हॉट्सॲपवर टाकतो, ओके आल्यावरच मशीन हातात. आंघोळ त्यानंतर, ओल्या गाठी अजून आवळतात. नेताना त्यांच्याकडूनच एका पायावर करून घेतो, केस वर धरून खालून एकेक ओळ ब्रश, मग कंगवा.